‘बिथरला गरम पाण्यातला प्राणी’: गूढ शब्दकोड्यातलं सूत्र उलगडतं कसं?

शब्दकोडं म्हटलं की काळी-पांढरी घरं आणि शेजारी ‘आडवे शब्द’, ‘उभे शब्द’ अशा दोन याद्या डोळ्यांसमोर येतात. ‘सूर्य (३)’ असं लिहिलेलं असतं. आपण ‘भास्कर’ भरतो, उभ्या शब्दाशी जुळलं नाही की खोडून ‘दिनेश’ करतो. शब्द माहीत असला की काम झालं. मग कधीतरी वेगळ्याच जातीचं कोडं हाती पडतं आणि त्यात हे दिसतं:

बिथरला गरम पाण्यातला प्राणी (३)

आपण गरम पाण्यात राहणारे प्राणी आठवू लागतो. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं: मगर. मगरीचा आणि गरम पाण्याचा काय संबंध? छपाईत काहीतरी घोटाळा झाला असेल असं म्हणून आपण पान उलटतो, आणि ते कोडं पुन्हा कधी उघडत नाही.

घोटाळा काहीच झालेला नाही. त्या चारही शब्दांना नेमून दिलेलं काम आहे, एकही शब्द भरतीचा नाही. फक्त ते वाक्य ‘वाक्य’ म्हणून वाचायचं नाही, एवढंच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते कसं वाचायचं आणि असं वाक्य स्वतः कसं रचायचं, ते इथे पाहू.

आधी दोन शब्द पक्के करू

चौकट भरण्यासाठी दिलेल्या प्रत्येक ओळीला शोधसूत्र म्हणतात. पुढे मी नुसतं ‘सूत्र’ म्हणेन. सूत्रापुढच्या कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. ज्या कोड्यात सूत्र सरळ अर्थ सांगतं ते साधं कोडं, आणि ज्यात अर्थाबरोबर अक्षरांची करामतही दडवलेली असते ते गूढ कोडं. याला बरेच जण ‘क्रिप्टिक’ म्हणतात.

साधं कोडं वयाने थोडं मोठं. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात चौकटीचं पहिलं कोडं छापलं. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि सूत्रं सरळ अर्थाची होती. गूढ प्रकार रुजला तो ब्रिटनमध्ये. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉवीस मॅथर्स ‘टोर्केमादा’ या टोपणनावाने संपूर्ण गूढ कोडी देऊ लागले. टोर्केमादा हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख. १९३९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनीही तशाच एका अधिकाऱ्याचं, ‘झिमेनीझ’ हे नाव घेतलं. नावं छळवादी असली तरी सोडवणाऱ्याला न्याय मिळावा म्हणून सर्वांत जास्त धडपडले ते हे झिमेनीझच. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

एका उत्तराचे दोन साक्षीदार

गूढ सूत्राचं सगळं रहस्य एका गोष्टीत आहे: ते एकाच उत्तराकडे दोन वेगळ्या वाटांनी नेतं. एक वाट अर्थाची. उत्तराचा समानार्थी शब्द किंवा वर्णन. दुसरी वाट अक्षरखेळाची. उत्तरातली अक्षरं कुठून आणि कशी गोळा करायची याची सूचना. न्यायालयात एकमेकांना न भेटलेले दोन साक्षीदार एकच हकीकत सांगू लागले की न्यायाधीशाची खात्री पटते, तसंच हे. अर्थानेही ‘मगर’ आणि अक्षरांनीही ‘मगर’ आलं की उत्तर पक्कं. चौकटीतलं एकही घर भरलेलं नसताना तुम्ही ते पेनाने लिहू शकता. साध्या कोड्यात ‘सूर्य’ला डझनभर उत्तरं असतात आणि उभे शब्द भरेपर्यंत खात्री होत नाही. कठीण समजलं जाणारं गूढ सूत्र या बाबतीत जास्त भरवशाचं असतं.

आता मगरीकडे वळू. अर्थाची बाजू सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधोमध कधीच नसते. म्हणजे सूत्रात कुठेतरी एक अदृश्य काप आहे, तो शोधायचा. इथे तो ‘गरम’ आणि ‘पाण्यातला’ यांच्या मध्ये आहे. उजवीकडे उरतं ‘पाण्यातला प्राणी’, हा अर्थ. डावीकडे उरतं ‘बिथरला गरम’. ‘बिथरला’ हा इशारा आहे: शेजारच्या शब्दाची अक्षरं जागेवर राहिलेली नाहीत. ग-र-म बिथरवा, म-ग-र मिळतं.

आपण अडकतो ते ‘गरम पाण्यातला’ हे शब्द एकत्र वाचल्यामुळे. भाषेची सवय त्यांना चिकटवते आणि काप नेमका त्यांच्यामधून जातो. रचणाऱ्याचं कौशल्य असतं ते हा सांधा दिसू न देण्यात.

अक्षरांचे खेळ कोणकोणते?

प्रकार मोजकेच आहेत. आठ-दहा ओळखीचे झाले की बहुतेक कोडी आवाक्यात येतात.

पहिला आपण पाहिला, अक्षरं विस्कटण्याचा. त्याचं आणखी एक छोटं उदाहरण: ‘फुटका गडद पाषाण (३)’. पाषाण म्हणजे दगड आणि ‘गडद’ फोडला की दगडच निघतो. विस्कटण्याचे इशारे भाषेत पोत्याने आहेत: मोडका, वेडा, झिंगलेला, विखुरलेला, भांडणारे, नाचणारे. ज्या शब्दातून गोंधळ, हालचाल किंवा मोडतोड सूचित होते तो या कामाचा.

दुसरा, लपवण्याचा. ‘गजानन गरजला, आत लपलं शहर! (३)’ उत्तर डोळ्यांसमोर छापलेलं आहे. गजान-न गर-जला: नगर. सूत्र सोडवायला शिकणाऱ्याने आधी हा प्रकार हुडकावा, कारण यात काही आठवावं लागत नाही, फक्त शब्दांमधली मोकळी जागा पुसून वाचावं लागतं. तरी तो चकवतो, कारण आपण शब्द वाचतो, अक्षरं वाचत नाही.

तिसरा, उलटवण्याचा. ‘वेल उलटली की ठेका (२)’ या सूत्रात दोन पायऱ्या आहेत. आधी वेलीचा समानार्थी शब्द घ्यायचा, लता. मग तो मागून वाचायचा, ताल. ठेका म्हणजे ताल. इथून गूढ कोडं खऱ्या अर्थाने रंगतं, कारण ज्या शब्दावर प्रयोग करायचा तो सूत्रात दिलेलाच नाही.

चौथा, जोडण्याचा. ‘दिवा हाताला लागताच सूर्य (४)’: दिवा आणि हात म्हणजे कर, मिळून दिवाकर. ‘पंचमापाठोपाठ रानात वारा (३)’: पंचम म्हणजे प, त्यापाठोपाठ रान म्हणजे वन, मिळून पवन. इंग्रजी कोड्यांत अशा एकट्या अक्षरासाठी दिशांची, रोमन आकड्यांची, रसायनांची आद्याक्षरं वापरतात. आपल्याकडे त्या कामाला सप्तक तयार आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी या सात स्वरांसाठी षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही नावं, आणि त्यांतल्या ‘मध्यम’, ‘पंचम’, ‘ऋषभ’ यांना भाषेत दुसरे अर्थही आहेत. रचणाऱ्याला यापेक्षा चांगलं सामान मिळणार नाही.

एक शब्द दुसऱ्याच्या पोटात घालणं आणि शब्दाचं डोकं किंवा शेपूट कापणं, हे आणखी दोन. ‘डोकं उडालेलं हरण म्हणजे युद्ध (२)’: हरणातलं ‘ह’ गेलं, उरलं रण. पोटात घालण्याचं उदाहरण पुढे सविस्तर येईल.

उच्चारसाम्याचा प्रकार इंग्रजीत फार चालतो. मराठीत त्याला वाव कमी, कारण आपण बहुतांशी बोलतो तसं लिहितो. पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, अशा ह्रस्व-दीर्घाच्या जोड्यांवर मुख्यतः भागवावं लागतं.

उरला दुहेरी अर्थाचा प्रकार, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. यात अक्षरांची खटपट नसते, दोन्ही वाटा अर्थाच्याच. ‘होडीची ओळख (२)’: नाव. होडी म्हणजे नाव, ओळख म्हणजेही नाव. ‘थोडं म्हातारपण (२)’: जरा. थोडं या अर्थाच्या ‘जरा’तला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला ज आपण वेगवेगळे उच्चारतो, पण लिहितो सारखेच. इंग्रजीत कान फसवतो ते काम इथे लिपी करते. तीर, पात्र, अंक, पक्ष, वर, कर, मान, चाल, भाव, पाठ, कळ, दल... एका बैठकीत पन्नास शब्द निघतील. दोन शब्दांचं सूत्र, तेही पूर्ण प्रामाणिक. सोडवणाऱ्याला ते उलगडतं त्या क्षणी कशाचंही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

मराठीत एक घर म्हणजे काय?

‘हा खेळ इंग्रजीचा, मराठीला तो मानवत नाही’ हा आक्षेप सर्रास ऐकू येतो. माझं मत नेमकं उलटं आहे, पण त्यासाठी एक नियम स्वच्छ समजून घ्यावा लागतो. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकच घर घेतं. ‘भास्कर’ची घरं तीन. म्हणून अक्षरखेळसुद्धा पूर्ण अक्षरांचा असायला हवा.

हे ‘गाजर’ आणि ‘जागर’ या जोडीत चांगलं दिसतं. पहिल्या नजरेला वाटतं, एक विस्कटला की दुसरा मिळतो. पण गाजरात गा, ज, र आहेत आणि जागरात जा, ग, र. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो, आणि ती परवानगी दिली तर मग वेलांट्याही हलवता येतील, अनुस्वारही, आणि सोडवणाऱ्याला पकडायला काहीच उरणार नाही. त्यामुळे ही जोडी बाद. गडद आणि दगड चालतात, गरम आणि मगर चालतात. त्याच न्यायाने ‘कानाची सुरुवात’ म्हणजे ‘का’, ‘क’ नव्हे.

पूर्ण अक्षराची ही समज आपल्यात लहानपणापासून आहे. उलटसुलट सारखं वाचलं जाणारं ‘रामाला भाला मारा’ सगळ्यांना पाठ असतं. ते कोड्याच्या कसोटीवरही टिकतं: रा-मा-ला-भा-ला-मा-रा. तितकंच प्रसिद्ध ‘चिमा काय कामाची’ मात्र टिकत नाही. सुरुवातीचं ‘चि’ ह्रस्व, शेवटचं ‘ची’ दीर्घ. कानाला चालतं, घरात चालणार नाही. कारण त्या घरातून एखादा उभा शब्द जात असेल तर तो दोन्हींपैकी एकच अक्षर मागणार. ह्रस्व-दीर्घाबाबत रचणाऱ्याने सवलत घेतली की भुर्दंड सोडवणाऱ्याला बसतो, म्हणून मी या बाबतीत अजिबात सूट देऊ नये या मताचा आहे.

चौकट बांधण्याचं गणितही यामुळे बदलतं. इंग्रजी घरात सव्वीसपैकी एक चिन्ह येतं. आपली चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशे आठ अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. दोन शब्द एकाच अक्षरावर छेदायला लावणं त्यामुळे खूप अवघड. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांचं असतं; तसली घट्ट विणलेली चौकट मराठीत मोठ्या आकारात उभी करणं जवळजवळ अशक्य. ब्रिटिश पद्धतीत साधारण निम्मी अक्षरंच छेदात असतात. मराठीला ती वीण सोसते, आणि छेद कमी असले की प्रत्येक सूत्र स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. गूढ सूत्र तेच करतं. सोडवणाऱ्याचा फायदा असा की छेदातून मिळालेलं एक ‘ळ’ किंवा ‘घो’ इंग्रजीतल्या एका अक्षरापेक्षा खूप जास्त सांगून जातं.

राहिला विभक्तीचा प्रश्न. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं: दिवा, पण दिव्याला, दगड, पण दगडाचा. मग सूत्रात ‘दिव्याला’ लिहिलं तर चालेल का? मला पटलेली वाट अशी: ज्या शब्दाची अक्षरं जशीच्या तशी वापरायची आहेत तो सूत्रात मूळ रूपातच यावा. ‘फुटका गडद पाषाण’ चालेल, ‘गडदचा चुरा’ चालणार नाही. पण ज्या शब्दाचा फक्त समानार्थी शब्द घ्यायचा आहे, तो प्रत्यय लावून आला तरी हरकत नाही, कारण सोडवणारा मनात मूळ शब्दाकडे जातोच.

ही सरळसरळ दिशाभूल नाही का?

दिशाभूल आहे. खोटेपणा नाही. हा फरक गूढ कोड्याचा पाया आहे आणि तो सर्वांत नेमकेपणाने मांडला तो ‘अफ्रीत’ या नावाने कोडी रचणाऱ्या अ‍ॅलिस्टर फर्ग्युसन रिची यांनी. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तुम्ही जे म्हणता ते तुमच्या मनात असण्याची गरज नाही, पण जे मनात आहे ते तुम्ही म्हटलेलं असलंच पाहिजे. गरम पाण्याविषयी मला काही सांगायचं नव्हतं, तरी मी तसा भास निर्माण केला, हे मान्य. पण ‘गरम’ची अक्षरं हलवा आणि पाण्यातला प्राणी शोधा, हे मात्र मी शब्दांत सांगितलेलं असायला हवं.

झिमेनीझ यांनी यावर आणखी कडक शिस्त बसवली. सूत्रात तीनच गोष्टी असाव्यात: अचूक अर्थ, न्याय्य अक्षरखेळ, आणि त्याशिवाय काहीही नाही. तिसरी अट खरी कठीण. वाक्य गोंडस व्हावं म्हणून एखादा शब्द जास्तीचा टाकण्याचा मोह प्रत्येक रचणाऱ्याला होतो. ‘बिथरला गरम डबक्याच्या पाण्यातला प्राणी’ वाचायला अधिक चित्रमय, पण ‘डबक्याच्या’ला काम नाही. सोडवणारा त्या शब्दात दहा मिनिटं डोकं घालेल आणि हाती काहीच लागणार नाही. त्याचा राग मग रास्त असतो.

शब्दांचा क्रमही न्यायाचाच भाग आहे. हे पाहा:

नेहमी उलटा सेवक (२)

सेवक म्हणजे दास, तो उलटला की सदा. सदा म्हणजे नेहमी. सुंदर. पण थांबा: नेहमी म्हणजे सदा, तो उलटला की दास, दास म्हणजे सेवक. हेही तितकंच बरोबर! ‘उलटा’ हा इशारा मधोमध असल्याने तो कुणाचा हे ठरत नाही, आणि एका सूत्राला दोन उत्तरं निघतात. दोन्ही साक्षीदार खरं बोलतायत, पण वेगवेगळ्या खटल्यात. असं सूत्र कितीही चटपटीत वाटलं तरी ते सदोष आहे.

दुरुस्ती फार सोपी आहे. ‘सेवक नेहमी उलटा (२)’ असं लिहिलं की इशारा ‘नेहमी’लाच चिकटतो आणि उत्तर येतं दास, दुसरं काही नाही. ‘उलटा सेवक नेहमी (२)’ लिहिलं तर उत्तर सदा. तेच तीन शब्द, तीन क्रम, आणि तीन वेगळे निकाल. मराठीत शब्द वाक्यात पुढे-मागे हलवले तरी वाक्य मोडत नाही. रचणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

सगळे रचनाकार झिमेनीझपंथी नाहीत, हेही सांगायला हवं. ‘गार्डियन’मध्ये अनेक दशकं ‘अराउकारिया’ या नावाने लिहिणारे जॉन ग्रॅहम नियम सैल सोडत आणि तरी सोडवणाऱ्यांचे अतिशय लाडके होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचं वाचकांना कळवलं ते कोड्यातूनच. ज्यांनी चौकट भरली त्यांना ते कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. सूत्रांच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांमध्ये वर्षानुवर्षांत किती विश्वास साठतो, हे मला त्या एका कोड्याने समजावलं.

कमळाचं सूत्र लिहून पाहू

सोडवण्यापेक्षा रचताना हा प्रकार लवकर समजतो. ‘कमळ’ घ्या. तीन अक्षरं, रोजचा शब्द. आधी अर्थाची बाजू ठरवू: ‘फूल’. ‘पंकज’ म्हटलं तर उत्तर लगेच उघडं पडतं, ‘चिखलातलं फूल’ म्हटलं तरी तेच. ‘फूल’ पुरेसं सैल आहे आणि खोटंही नाही.

आता अक्षरं. क-म-ळ विस्कटून पाहिलं तर धड शब्द हाती लागत नाही. ‘मळकं’ आठवतं, पण त्यात अनुस्वार आहे. सोडून द्या. लपवता येईल का? ‘क’ने संपणारा एक शब्द हवा आणि ‘मळ’ने सुरू होणारा दुसरा. बालक, चालक, शिक्षक. मळभ, मळमळ, मळवट. ‘बालक मळभात दडवतंय फूल (३)’. जमलं. बाल-क मळ-भात. आभाळ भरून आलंय आणि पोर हातातलं फूल लपवतंय, असं चित्रही तयार होतं. पण ‘दडवतंय’ इशारा फार ओळखीचा आहे. सरावलेला माणूस दोन सेकंदांत शोधेल. सोपं सूत्र म्हणून ठेवून देऊ.

मधलं ‘म’ बाजूला काढलं तर बाहेर उरतं ‘कळ’, म्हणजे वेदना. कळेच्या आत मध्यम! ‘वेदनेच्या उरात मध्यम फूल (३)’. ‘मध्यम फूल’ वाचताना प्रत्येकाला मध्यम आकाराचं फूलच दिसणार, आणि काप त्या दोन शब्दांच्या मधून जातो. हे पहिल्यापेक्षा बरंच सरस. ‘उरात’ हा इशाराही नैसर्गिक आहे, वेदना उरात असतेच.

तिसरी वाट: क आणि मळ. मळ म्हणजे घाण. ‘क’ कुठून आणायचं? ‘क’ने सुरू होणारा, घाणीशी मेळ खाणारा शब्द... कचरा!

कचऱ्याची सुरुवात, घाण, त्यातून फूल (३)

कचऱ्याची सुरुवात म्हणजे क, घाण म्हणजे मळ, त्यातून निघतं कमळ. आणि इथे काहीतरी वेगळं घडलंय. वरवरचा अर्थ दिशाभूल करत नाही, उलट कमळाबद्दलचं सत्यच सांगतो: घाणीतून उगवणारं फूल. अर्थ, अक्षरं आणि चित्र तिन्ही एका जागी आली. रचणारे अशाच सूत्राच्या शोधात असतात आणि ते फार क्वचित सापडतं. मला विचाराल तर चौकटीत हेच जाईल, वेदनेचं सूत्र अधिक चकवणारं असूनही.

पण यासाठी शब्दसंग्रह अफाट लागत असेल ना?

नाही. या लेखातली ही उत्तरं पाहा: मगर, दगड, नगर, ताल, पवन, रण, नाव, कमळ. यातला एकही शब्द शब्दकोशात शोधावा लागत नाही. दुर्मिळ शब्द घालून अवघड झालेलं कोडं हे रचणाऱ्याचं अपयश आहे. परिचित शब्द अनोळखी वेषात उभा करणं हे त्याचं काम. शब्दसंग्रहापेक्षा एक सवय लागते: वाक्यावर विश्वास न ठेवण्याची आणि त्यातल्या प्रत्येक शब्दावर ठेवण्याची.

म्हणून सोडवताना वरवरचं चित्र आधी पुसून टाका. स्वल्पविराम, उद्गारचिन्हं विसरा. ती बहुतेक वेळा चकवण्यासाठीच असतात. पहिला शब्द अर्थ मानून पाहा, मग शेवटचा मानून पाहा. वाक्यात थोडा अवघडलेला, जागेवर न शोभणारा शब्द दिसला तर तो बहुधा इशारा असतो. अक्षरसंख्या मोजा, तीन अक्षरी उत्तर हवं आणि सूत्रात इशाऱ्याशेजारी तीन अक्षरी शब्द बसलाय, तर विस्कटून बघा. सूत्र दोनच शब्दांचं असेल तर दुहेरी अर्थाचा संशय घ्या. आणि उत्तर आधी सुचलं, कारण मागाहून कळलं, तरी काही बिघडत नाही. मात्र कारण कळेपर्यंत ते सूत्र सुटलं असं समजू नका.

अशा सवयीची किंमत एकदा युद्धकाळातही जोखली गेली होती. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने आपल्या कचेरीत कोडं वेळेत सोडवण्याची स्पर्धा घेतली, मर्यादा होती बारा मिनिटांची. भाग घेणाऱ्यांपैकी काहींना नंतर पत्रं आली आणि ते ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर रुजू झाले.

यंत्र सोडवतंच की, मग आपण कशाला?

साधी कोडी यंत्र उत्तम सोडवतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत मॅट गिन्सबर्ग यांच्या ‘डॉक्टर फिल’ या प्रणालीने माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. गूढ सूत्रं यंत्रांना त्यामानाने जड गेली आहेत, आणि मराठीत पूर्ण अक्षरांचा हिशेब सांभाळायचा म्हणजे आणखी एक पायरी वाढते. उद्या तेही जमेल. पण उत्तर मिळवणं हा इथे हेतूच नाही. ‘थोडं म्हातारपण’ वाचून ‘जरा’ सुचतं तेव्हा हाती येणारी गोष्ट म्हणजे तो उलगडा. दुसऱ्याने सांगितलेलं उत्तर चौकट भरतं, उलगडा देत नाही.

स्वतः रचायचं तर कुठून सुरू करावं?

दोन अक्षरी शब्दांपासून. उलटे वाचा आणि जोड्या जमवा: नदी आणि दीन, मका आणि काम, तवा आणि वात, साप आणि पसा, मजा आणि जाम. प्रत्येक जोडीत दोन सूत्रं दडलेली आहेत. त्यातल्या एका शब्दाचा समानार्थी शब्द घ्या, उलटवण्याचा इशारा शोधा (माघारी, उफराटा, परतीच्या वाटेवर, पाय वर करून) आणि अर्थ दुसऱ्या टोकाला ठेवा. ‘गरीब माघारी फिरला, गंगा! (२)’ एवढं जमलं की प्रकार हातात आला.

लिहून झालं की दोन तपासण्या करा. एकेक शब्द बोटाने झाकून पाहा. झाकूनही सूत्र तसंच चालत असेल तर तो शब्द काढा. मग इशारा नेमका कुणाला लागतो ते पाहा. दोघांनाही लागत असेल तर क्रम बदला. त्यानंतर ते अशा एखाद्याला द्या ज्याला तुमच्या मनातलं उत्तर माहीत नाही, आणि तो विचार करत असताना गप्प राहा. त्याने तुमच्याहून वेगळं, पण दोन्ही बाजूंनी जुळणारं उत्तर दिलं तर तो जिंकला, सूत्र बदला. त्याला उत्तर आलं नाही आणि तुम्ही सांगितल्यावरही त्याचा चेहरा कोराच राहिला तर कुठलातरी इशारा लंगडा आहे. आणि सांगताक्षणी तो ‘अरेच्चा, हे तर लिहिलेलंच होतं!’ म्हणाला, तर ते सूत्र चौकटीत घालायला हरकत नाही.